बक्कल, पदक आणि पत

महाराष्ट्रातील पोलीस शिपायाला नावाखेरीज आणखी एक ओळख असते, ती म्हणजे त्याचा 'बक्कल नंबर'. पट्ट्याच्या धातूच्या तुकड्याशी माणसाची ओळख जोडली जाणे ही गोष्ट त्यामुळे मराठी वाचकाला अपरिचित नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र या बकलाने त्याहून मोठी मजल मारली आहे. तेथे पट्ट्याचे बक्कल हे पदक आहे, करंडक आहे आणि संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान चीजवस्तूही आहे. घोड्यावरून फास टाकणारा गुराखी असो की उडत्या तबकड्यांचा अचूक वेध घेणारा नेमबाज, स्पर्धा जिंकल्यावर त्याच्या हाती तळहाताएवढे, नक्षीकाम केलेले बक्कल येते. करंडक कपाटात राहतो, पदक पेटीत राहते. बक्कल मात्र विजेत्याच्या कमरेवर त्याच्याबरोबर जन्मभर हिंडते.

अशा वस्तूंची किंमत ठरते तरी कशी? त्यातील चांदीच्या वजनावरून, कारागिराच्या हातावरून, की ती ज्याने मिळवली त्याच्या नावावरून? ज्यांचा रोजचा व्यवहार किंमत, तारण आणि पत या शब्दांशी आहे, त्यांना हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. याचे सर्वांत बोलके उत्तर ज्या व्यक्तीच्या आयुष्यात सापडते, ती म्हणजे अमेरिकेची विख्यात नेमबाज अ‍ॅनी ओकली. तिने आपली बरीचशी सुवर्णपदके स्वतःच वितळवून टाकली होती.

कमरेवरचा करंडक

चित्रपटांमुळे असा समज रूढ झाला आहे की, एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक गुराखी कमरेला भलेमोठे चकचकीत बक्कल लावून हिंडत असे. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या काळात विजार सावरण्यासाठी बहुतेक जण खांद्यावरून जाणारे पट्टे वापरत. कमरेचा पट्टा असलाच तर तो काडतुसे आणि पिस्तूल बाळगण्यासाठी, आणि त्याचे बक्कल साधे, कामापुरते. मोठ्या बकलांची खरी हौस वाढवली ती विसाव्या शतकातील हॉलिवूडने. १९२० च्या दशकापासून पडद्यावरील नायकांना उठावदार पोशाख हवा होता. स्वीडनमध्ये जन्मलेला एडवर्ड बोहलिन हा कारागीर हॉलिवूडमध्ये स्थिरावला आणि त्याने चांदीने मढवलेली खोगिरे, पट्टे व बकले घडवून मोठे नाव मिळवले. त्याच्या दुकानाचा छाप असलेल्या वस्तू आज संग्राहक आवर्जून शोधतात.

पुढे रोडिओ या अश्वारोहण व गुरे आवरण्याच्या स्पर्धांमध्ये विजेत्याला बक्कल देण्याची प्रथा रुजली. व्यावसायिक रोडिओतील जगज्जेत्याला मिळणारे सोन्याचे बक्कल हे त्या क्षेत्रातील सर्वोच्च भूषण मानले जाते. रोडिओच्या मैदानावरून ही प्रथा इतर खेळांत गेली आणि ट्रॅप नेमबाजीच्या स्पर्धांतही बक्षीस म्हणून बकले दिली जाऊ लागली.

अशा बकलाची घडण साधारणतः ठरलेली असते. लंबगोल किंवा चौकोनी चांदीचा पत्रा, कडेने दोरखंडासारखी वळणदार किनार, त्यावर हाताने कोरलेली वेलबुट्टी, मधोमध खेळाडूची उठावाची आकृती, वरच्या फितीवर स्पर्धेचे नाव आणि खालच्या फितीवर वर्ष. उंची बक्कल स्टर्लिंग चांदीचे असते, म्हणजे त्यात हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असते. स्वस्त बकले बहुधा जर्मन सिल्व्हरची असतात. आपल्याकडील जुन्या भांड्यांमुळे हा शब्द परिचित आहे. मात्र नावात चांदी असली तरी या मिश्रधातूत चांदी नसते, तांबे, निकेल व जस्त असते.

खऱ्याखोट्याची पारख

जेथे हौस असते तेथे नक्कलही येतेच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील काही वर्षांत बाजारात पितळेची जुनाट दिसणारी बकले मोठ्या संख्येने आली. त्यांवर न्यूयॉर्कच्या टिफनी या प्रख्यात पेढीचा छाप होता आणि अनेकांवर वेल्स फार्गो या १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बँकिंग व मालवाहतूक कंपनीचे नाव होते. एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या रक्षकांसाठी ही बकले घडवली होती, असे सांगितले जाई. खरेदीदारांची खात्री पटावी म्हणून या बकलांची माहिती देणारे एक पुस्तकही प्रसृत करण्यात आले आणि ते पूर्वीच छापलेले असल्याचे भासवण्यात आले.

जे. डंकन कॅम्पबेल या अभ्यासकाने चिकाटीने माग काढून हा सारा बनाव उघडकीस आणला. बकले नवी होती आणि त्यांना आधार देणारे पुस्तकही बनावट होते. वस्तू खोटी असणे ही एक गोष्ट झाली. परंतु तिच्यासोबतचा दस्तऐवजही खोटा असावा, यातून घेण्यासारखा धडा मोठा आहे. कर्जाच्या अर्जासोबत आलेली कागदपत्रे बँकेतील अनुभवी अधिकारी का पारखून घेतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच जाणकार संग्राहक बक्कल हाती घेतल्यावर आधी ते उलटे करतो. मागील बाजूस कारागिराचा ठसा आणि धातूच्या शुद्धतेची खूण आहे का, हे तो पाहतो. कडेची झीज पट्ट्याच्या रोजच्या घर्षणाने झाली आहे की मुद्दाम घासून केली आहे, हे तो न्याहाळतो. मग तो विजेत्याचे नाव, स्पर्धा आणि वर्ष यांचा जुन्या निकालांशी मेळ घालतो. विजेत्याने तेच बक्कल लावलेले एखादे छायाचित्र किंवा कुटुंबीयांचे पत्र मिळाले, तर वस्तूचे मोल कैकपटींनी वाढते. चांदी तीच असते. वाढते ती तिच्यामागची साक्ष. अशी साक्ष ज्या खेळातून निर्माण होते, त्या खेळाची ओळख आता करून घेतली पाहिजे.

उडत्या तबकडीचा खेळ

ट्रॅप नेमबाजीचे नाव भारतीयांना नवीन नाही. बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत या प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि पाच ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक पटकावले, तर २००६ मध्ये मानवजितसिंग संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले.

या खेळात खेळाडूच्या हाती छऱ्यांची बंदूक असते. समोरच्या यंत्रातून एक तबकडी वेगाने हवेत फेकली जाते आणि ती जमिनीवर पडण्यापूर्वी तिचा वेध घ्यायचा असतो. तबकडी नेमक्या कोणत्या कोनात झेपावेल हे आधी ठाऊक नसते. अमेरिकी पद्धतीत पाच जागांवरून प्रत्येकी पाच असे पंचवीस बार एका फेरीत होतात आणि सर्वसाधारण स्पर्धेत खेळाडू यंत्रापासून १६ यार्डांवर उभा राहतो.

खेळाची सुरुवात इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरांवर झाली. कबुतरांना ज्या पेट्यांतून सोडत त्या पेट्यांवरूनच ट्रॅप हे नाव रूढ झाले. पुढे काचेचे गोळे आले. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की याने मातीच्या तबकडीचे एकस्व मिळवले आणि खेळाला आजचे रूप आले. तबकड्या आता मातीच्या नसल्या, तरी 'क्ले पिजन', म्हणजे मातीचे कबुतर, हे नाव टिकून आहे. ज्या ओहायो राज्यात ही तबकडी जन्मली, त्याच राज्याच्या एका खेड्यात या खेळाची सर्वांत नामवंत खेळाडू वाढत होती.

दोनशे डॉलरचे गहाण

अ‍ॅनीचे मूळ नाव फिबी अ‍ॅन मोझी. तिचा जन्म १३ ऑगस्ट १८६० रोजी ओहायोतील डार्क परगण्यात एका गरीब शेतकऱ्याच्या लाकडी झोपडीत झाला. १८६६ मध्ये वडील न्यूमोनियाने वारले आणि कुटुंब उघड्यावर पडले. थोरली बहीण मेरी जेन क्षयाने गेली. तिच्या औषधपाण्याचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी आईला घरची दुभती गाय विकावी लागली.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास अ‍ॅनीची रवानगी परगण्याच्या अनाथ-दरिद्री आश्रमात झाली. तेथे ती शिवणकाम शिकली. तेथून एका शेतकरी कुटुंबाने आठवड्याला ५० सेंट मजुरी आणि शिक्षणाचे आश्वासन देऊन तिला घरकामासाठी नेले. शिक्षण दूरच राहिले. वाट्याला आली ती अपार कष्टांची आणि मारहाणीची कोंडी. त्या कुटुंबाचे नाव तिने पुढे कधीही उच्चारले नाही. त्यांचा उल्लेख ती 'लांडगे' एवढाच करीत असे. अखेर तेथून पळून ती घरी परतली.

घरी वडिलांची बंदूक होती. तिने शिकारीला आरंभ केला. ससे आणि रानपक्षी टिपून ती ग्रीनव्हिलच्या दुकानदाराला विकू लागली. तेथून हा माल सिनसिनाटीच्या हॉटेलांपर्यंत जाई. मिळालेली प्रत्येक नाणी तिने जपून ठेवली. आईच्या घरावर २०० डॉलरचे गहाण होते. अ‍ॅनीने ते सारे कर्ज फेडले, तेव्हा तिचे वय अवघे पंधरा होते. पुढील आयुष्यात तिने राजेमहाराजांकडून सन्मान स्वीकारले; परंतु गहाण सुटल्याच्या त्या दिवसाचा आनंद ती अखेरपर्यंत अभिमानाने सांगत असे. बंदूक ही तिच्या लेखी प्रथम चरितार्थाचे साधन होती, खेळ नंतर आला.

'अचूक नेमाची छोटी'

सिनसिनाटीत फ्रँक बटलर नावाचा आयरिश वंशाचा नेमबाज खेळ करीत असे. गावातील कोणाही नेमबाजाला हरवण्याची पैज तो लावी. त्याच्यापुढे उभी राहिली ती पाच फूट उंचीची, खेड्यातली एक मुलगी. पंचविसाव्या बाराला बटलरचा नेम चुकला आणि अ‍ॅनी जिंकली. पैज हरलेल्या बटलरने पुढे तिच्याशी विवाह केला. काही काळ दोघे मिळून खेळ करीत. मग पत्नीचे कौशल्य आपल्याहून सरस आहे हे ओळखून बटलरने स्वतःची बंदूक बाजूला ठेवली आणि तिचे करारमदार, प्रवास व प्रसिद्धी सांभाळली. त्या काळच्या पुरुषाच्या दृष्टीने ही गोष्ट सोपी नव्हती.

१८८४ मध्ये लाकोटा जमातीचे नेते सिटिंग बुल यांनी तिचे नैपुण्य पाहून तिला जे नाव दिले, त्याचा इंग्रजीत 'लिटल शुअर शॉट' असा अनुवाद झाला. मराठीत त्याला 'अचूक नेमाची छोटी' म्हणता येईल. १८८५ मध्ये ती 'बफेलो बिल' कोडी यांच्या 'वाइल्ड वेस्ट' या भव्य खेळात सामील झाली. त्याच वर्षी एका दिवसात हवेत फेकलेल्या काचेच्या ५,००० गोळ्यांपैकी ४,७७२ गोळे तिने फोडले. हे प्रमाण शेकडा ९५ हून अधिक भरते, आणि त्या काळी तिला बंदूकही स्वतःच भरावी लागत होती.

१८८७ मध्ये महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हा खेळ लंडनला गेला. राणीने अ‍ॅनीचे कौतुक केले आणि लंडन गन क्लबने तिला सुवर्णपदक अर्पण केले. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला आलेल्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. पदकांचा तिच्या पोशाखावर असा साज चढला की, त्या काळच्या अनेक छायाचित्रांत तिचा ऊर पदकांनी झाकून गेलेला दिसतो. पोशाख मात्र तिने स्वतः शिवलेला असे. आश्रमात शिकलेले शिवणकाम आणि लहानपणी अंगी बाणलेली काटकसर तिने कधीच सोडली नाही.

तिच्या नावाने इंग्रजीत एक गमतीदार शब्दप्रयोगही रुजला. खेळात ती पत्त्यांना गोळीने भोके पाडीत असे. नाट्यगृहाच्या फुकट प्रवेशिकांना ओळख म्हणून भोके पाडलेली असत, म्हणून अशा प्रवेशिकेलाच 'अ‍ॅनी ओकली' म्हणू लागले. ज्या बाईने आयुष्यात काहीही फुकट घेतले नाही, तिचे नाव फुकट तिकिटाला मिळावे, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे.

पंचावन्न खटले

१९०१ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनात 'वाइल्ड वेस्ट'च्या आगगाडीला भीषण अपघात झाला. अ‍ॅनी त्यात जखमी झाली आणि त्यानंतर तिने कोडींचा खेळ सोडला. याहून मोठा आघात १९०३ च्या ऑगस्टमध्ये झाला. व्यसनासाठी चोरी करताना अ‍ॅनी ओकली पकडली गेली, अशी बातमी शिकागोच्या वृत्तपत्रांनी छापली आणि तारायंत्राने ती देशभर पसरली. वास्तविक पकडली गेलेली बाई दुसरीच होती. तिने केवळ हे प्रसिद्ध नाव सांगितले होते.

अनेक वृत्तपत्रांनी चूक कबूल केली. परंतु अ‍ॅनीला तेवढ्याने समाधान होईना. तिने ५५ वृत्तपत्रांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले. गावोगावच्या न्यायालयांत ती स्वतः साक्षीला उभी राहिली. १९१० पर्यंत हे प्रकरण चालले आणि ५५ पैकी ५४ दाव्यांत तिला एकतर विजय मिळाला, नाहीतर प्रतिपक्षाने तडजोड केली. तिच्याविरुद्ध काही सापडते का हे पाहण्यासाठी एका वृत्तपत्रसमूहाने डार्क परगण्यात माणूस धाडला होता. त्याला एकही वावगी गोष्ट हाती लागली नाही.

या लढ्यात तिची उमेदीची वर्षे खर्ची पडली. प्रवास, वकील आणि बुडालेले खेळ यांचा हिशेब मांडला, तर नुकसानभरपाईची रक्कम खर्चाला पुरली नाही, असेच तिचे चरित्रकार सांगतात. निव्वळ नफ्यातोट्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा ठरतो. परंतु ती ज्यासाठी भांडत होती ती गोष्ट रोजकीर्दीत मांडता येत नाही. मराठीत तिला पत म्हणतात. पत एकदा गेली तर कोणत्याही पदकावर कोरलेले नाव पुसल्यासारखेच होते, हे अ‍ॅनीला नेमके उमगले होते. पदकाचे सोने घासून पुन्हा चकाकी आणता येते. डागाळलेले नाव मात्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवूनच धुऊन काढावे लागते.

पदके वितळली

उतारवयात अ‍ॅनी आणि फ्रँक नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट या रम्य ठिकाणी दीर्घकाळ वास्तव्यास असत. तेथे तिने असंख्य स्त्रियांना नेमबाजी शिकवली. स्त्रीला स्वसंरक्षण आले पाहिजे आणि तिने मैदानी खेळात संकोच धरू नये, असे तिचे ठाम मत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने सैनिकी छावण्यांत खेळ केले. तिचा डेव्ह नावाचा कुत्रा होता. प्रेक्षक रुमालात नोट बांधून ती लपवीत. डेव्हने वासावरून ती हुडकून काढली की ती रक्कम रेडक्रॉसला मिळे.

पाइनहर्स्टच्या परिसरातच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ मध्ये सापडले. त्यापूर्वी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच इलाज होता. आपल्याकडेही मिरजेजवळ वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे याच विचारातून उभी राहिली. अशा ठिकाणी रुग्णाला महिनोन्‌महिने राहावे लागे आणि गरिबाला तो खर्च झेपत नसे. ज्या मुलीने क्षयाने गेलेल्या बहिणीच्या आजारपणापायी घरची गाय विकली जाताना पाहिली होती, तिला हे वेगळे सांगावे लागले नाही. अ‍ॅनीने आपली बरीचशी सुवर्णपदके वितळवली आणि त्या सोन्याचे पैसे या आरोग्यधामाला दिले.

त्या काळी अमेरिकेत सोन्याचा भाव सरकारने बांधून दिलेला होता. सुमारे ३१ ग्रॅमच्या एका औंसाला २०.६७ डॉलर, आणि १९३३ पर्यंत हाच दर कायम राहिला. म्हणजे पदक मुशीत गेले की, त्यावर कोणाचे नाव होते याला मोल उरत नसे. वजन आणि शुद्धता पाहून याच दराने त्याचे पैसे होत. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी खरीच. ज्यांच्यावर तिचे नाव, स्थळ आणि वर्ष कोरलेले होते, अशा कितीतरी वस्तू कायमच्या नाहीशा झाल्या. संग्राहकाला हळहळ वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

परंतु मराठी घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा घरातल्या दुखण्यासाठी अंगावरचा डाग मोडणाऱ्या कितीतरी माउली आपल्या परिचयाच्या आहेत. पाटली मोडताना घडणावळ बुडते, हे त्यांना ठाऊक असते. तरीही त्या ती मोडतात. कारण त्या क्षणी दागिन्याहून मोठी गरज दारी उभी असते. अ‍ॅनीनेही घडणावळ बुडू दिली. फरक इतकाच की, तिच्या दारी उभी असलेली गरज परक्यांची होती.

नेम मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिला. १९२२ मध्ये, साठी ओलांडल्यावर, पाइनहर्स्टच्या एका स्पर्धेत तिने १६ यार्डांवरून सलग १०० तबकड्या फोडल्या. त्याच वर्षी फ्लॉरिडात मोटार उलटून तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि पायाला कायमचा आधारपट्टा आला. तरीही बरी झाल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिल येथे तिचे निधन झाले. त्यानंतर अठराच दिवसांनी फ्रँक बटलरनेही जगाचा निरोप घेतला.

मोल कशाचे?

१९६९ मध्ये ट्रॅप नेमबाजीच्या सन्माननीय खेळाडूंच्या मालिकेत अ‍ॅनी ओकलीचे नाव समाविष्ट झाले. २०१२ च्या जूनमध्ये डॅलस येथे तिच्या कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. तिची पार्कर बनावटीची बारा बोअरची बंदूक १,४३,४०० डॉलरना गेली. तिची स्टेटसन टोपी १७,९२५ डॉलरना विकली गेली. टोपीत ना सोने होते ना चांदी. ती निव्वळ नमद्याची होती. ज्या अ‍ॅनीने सोन्याचे केवळ वजनाचे पैसे घेतले, तिच्याच नमद्याच्या टोपीला मृत्यूनंतर ८६ वर्षांनी एवढी किंमत यावी, यातच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. वस्तूचे मोल धातूत असते, कारागिरीत असते. परंतु त्याहून अधिक ते वस्तूमागच्या माणसाच्या पतीत असते. ही पत तिने पंधराव्या वर्षी गहाण सोडवून कमावली, न्यायालयात सात वर्षे राखली आणि पदके देऊन टाकल्यावरही ती तसूभर उणी झाली नाही.

अमेरिकेत दर वर्षी ट्रॅप नेमबाजांचा 'ग्रँड अमेरिकन' हा मोठा मेळा भरतो. १९२४ पासून तो अ‍ॅनीच्याच ओहायो राज्यात, व्हँडालिया येथे भरत असे. २००६ पासून तो इलिनॉयमधील स्पार्टा येथे भरू लागला. अशा मैदानांवरून विजेते नवी बकले लावून घरी परततात. त्यांतील काही पुढे नातवंडांच्या कमरेवर येतील, काही लिलावात जातील, तर काहींचा इतिहास हरवून ती केवळ चांदीच्या भावाने विकली जातील. कोणते बक्कल कोणत्या वाटेने जाईल, हे बऱ्याच अंशी त्यासोबतची हकीकत कोणी जपून ठेवली यावर अवलंबून राहील.

आपल्या घरांतही अशी पदके असतात. आजोबांना कुस्तीत मिळालेले कडे, आईला शाळेत मिळालेले रौप्यपदक, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले घड्याळ. बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात ती वर्षानुवर्षे पडून असतात आणि ती कोणाची, कशाबद्दलची, हे सांगणारी पिढी हळूहळू निघून जाते. एका कागदावर नाव, वर्ष आणि दोन ओळींची हकीकत लिहून ती वस्तूसोबत ठेवली, एखादे जुने छायाचित्र त्याला जोडले, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ धातू लागणार नाही. ती वस्तू पुढे जपायची की एखाद्या गरजूच्या उपयोगी आणायची, हा निर्णय त्या पिढीने घ्यावा. मात्र आपल्या हातात काय आहे, हे तिला ठाऊक असलेले बरे.